जामखेडच्या वाटेवर

नगरहून जामखेडला निघाले की वाटेत जिल्हा बदलतो. कडा, आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावे मागे पडली की गाडी पुन्हा आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) शिरते. मुलूख कमी पावसाचा, ज्वारीचा. पुढे खर्ड्याचा किल्ला आहे, जिथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवले. आमचे काम मात्र साधे होते. ऐंशीच्या घरातल्या आईला तिच्या भाचीकडे पोहोचवायचे. हाताशी दोन तास होते, म्हणून म्हटले, आरोळे डॉक्टरांचा प्रकल्प पाहून घेऊ.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे १९७० साली येथे आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले आणि लगेच ७२ चा दुष्काळ उभा राहिला. विंधन विहिरी घेतल्या त्या मुद्दाम दलित वस्तीत. पाणी पाहिजे तर सगळ्यांनी तिकडे यावे!

पण मला सांगायचे आहे ते नर्सबाईंचे. आधी बेत असा होता की शिकलेल्या नर्सने खेड्यात राहून काम करावे. ते जमेना. शहरी वळणाची एकटी तरुण मुलगी. बायका तिच्यापाशी मन मोकळे करीनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. पुष्कळशा निरक्षर, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला शिकायला येत. रात्री झोपायला गोधड्या जोडून एकच मोठे पांघरूण केलेले. ब्राह्मणाची बाई आणि महाराची बाई त्याच पांघरुणाखाली. हे सत्तरीतले, आणि आपल्याकडचे! मला यात औषधापेक्षा मोठी गोष्ट दिसते.

आम्हा शेतकी खात्यातल्या माणसांना हे कळायला हवे होते. बीजप्रक्रियेवर मी किती व्याख्याने झोडली असतील! शेतकऱ्याने ऐकले ते शेजाऱ्याच्या बांधावरून पीक पाहिल्यावरच.

या बायका बाळांची वजने करीत, जुलाबाला साखर-मिठाचे पाणी पाजीत, गरोदर बाईला धनुर्वाताची सुई टोचून घ्यायला लावीत. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. वरची झुंबरे दाखवून त्यांनी डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला पणतीची. पणतीवरून दुसरी पणती लावता येते, झुंबरावरून येत नाही. १९७१ मध्ये या गावांत हजारी १७६ अर्भके दगावत. नव्वदीत तो आकडा विशीच्या आसपास आला. पुढे २००५ पासून सरकारने गावोगाव ‘आशा’ नेमल्या, त्याही गावातल्याच बायका.

बाळंतपणाचे सामान कसे असते, ते तिथल्या एका वयस्क मावशींनी आईला समजावले. नवे ब्लेड, उकळलेला दोरा, साबण, स्वच्छ कापड. नाळेला राख नाही, शेण नाही. विळ्याने तर कापायचीच नाही; त्याला शेतातली, गोठ्यातली माती असते आणि धनुर्वात तिच्यातूनच येतो.

आई सगळे निमूट ऐकत होती. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. सातव्या दिवशी त्याचे तोंड मिटले, दूध ओढेना, अंग ताठले. घरात सगळे म्हणाले, सटवीने नेला. पाचवीच्या पूजेत काहीतरी चुकले, असा ठपका आजीने आईवर ठेवला आणि आईने तो आजवर वाहिला.

गाडीत बसल्यावर बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तो विळ्यानं गेला?”

मी म्हटले, “हो आई, तसंच वाटतं.”

“पूजा बरोबर झाली होती रे,” ती म्हणाली, “नैवेद्य मी माझ्या हातानं केला होता.”