पावत्या

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खानापूर तालुक्यातील रानाच्या कडेला जांबोटी हे आमचे गाव आहे. पावसाळ्यात तेथे पाऊस उसंत घेत नाही, आणि शेती बहुतेकांची बेताचीच. म्हणून गावातील पुष्कळ माणसे पोटासाठी बेळगावास किंवा गोव्यास जातात. मीही तरुणपणी असाच बेळगावास गेलो आणि ओतकामाच्या एका कारखान्यात नोकरीस लागलो. अक्षर बरे असल्यामुळे तेथील कामगार संघटनेचे खजिनदारपण माझ्याकडे आले. दरमहा वर्गणी गोळा करणे, पावत्या फाडणे व हिशेब ठेवणे हे काम मी पंधरा वर्षे केले. एवढ्या काळात एका पैशाचाही घोळ झाला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. त्या अभिमानास धक्का कसा बसला, ते आज सांगावयाचे आहे.

आमच्या गावच्या एक विधवा बाई त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे हंगामी कामास होत्या. साच्यांसाठी लागणारी वाळू चाळणे आणि ती घमेल्यांनी वाहून नेणे, हे त्यांचे काम. माझ्या नात्याच्या त्या नव्हेत, परंतु सारे गाव त्यांना मावशी म्हणे व मीही म्हणत असे. त्यांच्यासारख्या वीस-बावीस बायका तेथे होत्या. संघटनेचे बळ वाढावे म्हणून आम्ही त्यांना सभासद करून घेतले होते. वर्गणी कायम कामगाराइतकीच. मोर्चा निघाला की या बायका पुढे असत.

एके दिवशी ओतीव लोखंडाचा तुकडा मावशींच्या पायावर पडला व दोन बोटे कायमची गेली. त्यांचे नाव ठेकेदाराच्या कच्च्या हजेरीत असल्यामुळे कामगार विम्याचे कार्डही त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा त्या काठी टेकीत संघटनेच्या कचेरीत आल्या व मदत निधीतून काही मिळावे, अशी त्यांनी विनंती केली. कार्यकारिणीत आम्ही अकरा जण होतो. अकराही पुरुष, अकराही कायम कामगार. निधीच्या नियमाप्रमाणे मदत कायम कामगारासच देता येत होती. तो नियम मीच वाचून दाखविला. मावशींनी पदरातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात सहा वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या नीट घडी करून ठेवल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाळा, ह्यावरची सही तुझीच न्हवं?"

सही माझीच होती. मी मान खाली घातली. कोणी काही बोलले नाही. मावशींनी पावत्या पुन्हा डब्यात भरल्या आणि त्या निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मी जांबोटीस गेलो व माझ्या पगारातील दोनशे रुपये त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चहा दिला, घरची विचारपूस केली. मात्र नोटांना हात लावला नाही. म्हणाल्या, "तुझ्या खिशातलं नगो मला. संघटनेचं असंल तर दे." परतीच्या बसमध्ये ते शब्द मनातून जाईनात. मालकाने अन्याय केला की आम्ही दारात ठाण मांडून बसत होतो. पण येथे मालकाचा संबंधच नव्हता. नियम आमचा, निधी आमचा, आणि मौनही आमचेच होते.

निपाणीचा एक सोबती आमच्या खात्यात होता. त्याची बहीण तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. तंबाखू कुटणे, चाळणे या कामांत तेथे हजारो बायका असत, आणि ती धूळ त्यांच्या नाकातोंडात जाई. 1980 च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. 'युगांतर' या चित्रपट गटाने त्यांच्यात राहून 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला, आणि छाया दातार यांचे त्यांच्याविषयीचे इंग्रजी पुस्तक 1989 साली निघाले. सोबती मला म्हणाला, "आमच्याकडं बायका सभेत उभ्या राहून बोलतात. तुमच्याकडं त्यांना कुणी विचारलंय काय?" आम्ही विचारले नव्हते.

नंतर मी वाचू लागलो, तेव्हा हा दोष जुना असल्याचे दिसून आले. 1928 साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्या काळी गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांस प्रवेश नसे. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतर कामगारांस चालत नसे. अधिक मजुरीचे खाते त्यामुळे त्यांना बंद होते. ही अडचण दूर करण्याची मागणी संघटनेने आपल्या मागण्यांत घ्यावी, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. एकजूट मागावयाची तर आधी घरातील दार उघडावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी 1972 साली 'सेवा' ही स्वयंरोजगारी बायकांची संघटना नोंदवू पाहिली, तेव्हा ज्यांना मालकच नाही त्यांची संघटना कसली, अशी हरकत निघाली होती. ती दूर करून त्यांनी नोंदणी मिळविलीच. कामगारांच्या संघटनांना मान्यता देणारे पोप लिओ तेरावे यांचे परिपत्रक तर 1891 सालचे. त्यातही दुर्बलांच्या रक्षणावर विशेष भर आहे.

मी कार्यकारिणीपुढे तीन सूचना मांडल्या. वर्गणी देणारा प्रत्येकजण पूर्ण सभासद समजावा व निधीवर त्याचा सारखाच हक्क असावा. हंगामी बायकांपैकी दोघी कार्यकारिणीत असाव्यात. आणि सभेची सूचना मराठीबरोबर कन्नडमध्येही लावावी, कारण आमच्यातील कित्येकांना मराठी फलक वाचता येत नसे. विरोध झाला. कोणी म्हणाले, निधी बुडेल. मी हिशेबाची वही उघडली. बायकांनी सहा वर्षांत निधीत भरलेली रक्कम आणि त्यांना मिळालेली मदत मी शेजारी शेजारी लिहून दाखविली. दुसऱ्या रकान्यात शून्य होते. दोन वर्षे हा वाद चालला. सर्वसाधारण सभा पूर्वी सायंकाळी सातला भरे. तोवर खेड्यांकडील बस निघून गेलेल्या असत, म्हणून बायका येत नसत. त्या वर्षी ती रविवारी दुपारी भरविली. बायका आल्या, हात वर झाले आणि ठराव थोड्या मतांनी का होईना, पण संमत झाला. मावशींचा अर्ज नव्या नियमाने पुन्हा विचारात घ्यावा, असेही त्याच सभेत ठरले.

रक्कम घेऊन मी जांबोटीस गेलो. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या, व्हाउचरवर अंगठा उठविला आणि विचारले, "कमिटीत दोघी कोण घेतल्यास?" मी नावे सांगितली. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, वाळूच्या कामावर जाड बूट मागा म्हणावं."

पुढच्या बैठकीत त्या दोघींनी बुटांची मागणी मांडली. आम्हा अकरा जणांना ती इतक्या वर्षांत सुचली नव्हती. आमच्यापैकी कोणी वाळूच्या कामावर अनवाणी उभा राहिला नव्हता.

आज मी निवृत्त आहे. मावशी आता नाहीत. आपणांपैकी कित्येकजण एखाद्या संघटनेचे, पतपेढीचे किंवा मंडळाचे पदाधिकारी असाल. पावतीपुस्तक हाती घ्याल तेव्हा एकवार मागील पानेही चाळून पाहा. जी नावे वर्गणीच्या यादीत आहेत, ती मदतीच्या यादीत आणि सभेच्या इतिवृत्तात सापडतात का, ते शोधा. सापडत नसतील, तर नियम कोणी केला ते विचारा. पुष्कळदा खाली आपलीच सही असते.