अब्बांची मॅटाडोर पुन्हा मंडईला निघाली

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. बाहेरच्या वाचकांना मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवेल, पण झाडीपट्टीतली मंडई वेगळी. प्रत्येक गावाचा एक दिवस ठरलेला असतो. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, मिठाई-खेळण्यांची दुकानं लागतात आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. आज या गावी, उद्या पलीकडच्या. आमचं बांगड्यांचं दुकान वर्षानुवर्षं या मंडयांमधून फिरलं.

दुकान म्हणजे एक मॅटाडोर. दिवसा मागचं दार उघडून अम्मी बायांना बांगड्या भरायची. रात्री पेट्या एका बाजूला रचून, मध्ये चादरीचा पडदा बांधून आम्ही पाचही जण तिच्यातच झोपायचो. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो पाहून अम्मी म्हणाली, "यात नवीन काय आहे? आपण तर यातच राहिलो." तिचं चुकलं नव्हतं. फक्त आमच्या गाडीत फ्रीज नव्हता, रॉकेलचा स्टोव्ह होता.

अब्बांनी ही गाडी नागपुरात जुनी घेतली होती. बजाज टेम्पोने जर्मनीच्या हॅनोमाग गाडीवरून पुण्याजवळ आकुर्डीत बनवलेली. हिचं इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नसल्यामुळे मागची फरशी जमिनीच्या बरीच जवळ राहते. बायांना उंच पायरी चढावी लागत नाही, हे अब्बांनी हेरलं होतं. दुसरी त्यांची अट छताची. आत उभं राहून नमाज अदा करता आली पाहिजे. म्हणून मुद्दाम उंच बॉडी बांधलेली गाडी त्यांनी शोधून काढली.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांमध्ये शिरलं. आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन निघालो, गाडी राहिली. परतलो तेव्हा सीटवर बोटभर गाळ होता. पुढच्याच वर्षी अब्बांचा इंतकाल झाला आणि गाडी कडुनिंबाखाली तशीच उभी राहिली.

तीन पावसाळे गेल्यावर भाईजानने भंगारवाला आणला. वजनावर भाव ठरत होता. अम्मी आतून म्हणाली, "एक मंडई करून आणा मला. मग विका." गुडघ्यांमुळे तिचं एसटीने जाणं बंद झालं होतं. शिवाय मंडईत बाईमाणसाने दिवसभर कुठे बसायचं, वजू कुठे करायचा, शौचाला कुठे जायचं, हे प्रश्न तेव्हाही होते आणि आजही आहेत. भाईजान चिडला. त्याचं म्हणणं रास्तच होतं, कारण दुरुस्तीला लागणारे पैसे भंगाराच्या किमतीच्या कितीतरी पट होते. माझ्या पगारातून निम्मे देईन असं कबूल केलं, तेव्हा तो गप्प झाला. राजी झाला असं मात्र म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला गॅरेज असलेले एक मिस्त्री चाचा अब्बांच्या वेळचे. त्यांनी पहिली तंबी दिली ती स्टार्टरला हात न लावण्याची. बुडालेल्या इंजिनात पाणी राहिलं असेल तर ते दाबलं जात नाही, जबरदस्तीने फिरवलं की आतला दांडाच वाकतो. त्यांनी नोजल काढली, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठ दिवस गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी पान्याने इंजिन जरासं हललं. तेव्हाही ते इंजिनकडे वळले नाहीत, आधी ब्रेक उघडले. "बेटी, चालू नाही झाली तर घरी बसाल. थांबली नाही तर?" चारही ड्रमांत गाळ सिमेंटसारखा बसला होता. व्हील सिलिंडर, लायनिंग, बेअरिंग, रबरी नळ्या सगळं नवीन घातलं. मॅटाडोर कधीच बंद झाली असल्यामुळे पुढच्या चाकांचे जॉइंट नवे मिळेनात. नागपूरच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचे काढून आणले. डाव्या बाजूचा जॉइंट वळणावर अजून कटकट करतो.

खरी अडचण पत्र्याची निघाली. फरशी आणि छताच्या कडा बोट घातलं तर आत जात होतं. पत्र्याचं काम करणारा म्हणाला, वरचा सडका भाग कापून छत फूटभर खाली घेतो, निम्म्या खर्चात होईल. भाईजान लगेच हो म्हणाला. मी नाही म्हटलं, आणि त्यावरून आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. शेवटी छत आहे त्या उंचीला ठेवून पत्रा नवा मारला.

आरटीओचंही सांगते, कुणाला उपयोग होईल. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी तपासून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर हे वेगळे. गाडीच्या मूळ रचनेत मोठा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. म्हणून आम्ही आत पक्कं काही बसवलं नाही. घडीचा पलंग, पाण्याची टाकी, कमोडची खुर्ची, पडदा, सगळं उचलून बाहेर ठेवता येतं. स्वयंपाकाचा स्टोव्ह तर गाडी थांबल्यावर बाहेरच पेटवायचा. लहानपणी आम्ही आत पेटवत होतो, आता ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात निघालो. वरठी, मोहाडी, पुढे तुमसरची वाट. दोन्ही बाजूंना बांध्यांत पिवळं धान, धुऱ्यावर तूर, मध्येच एखादी बोडी आणि काठावर बगळे. भाईजान चाळीसच्या वर गेला नाही. इंजिन दोन सीटच्या मधोमध असल्यामुळे त्याच्या झाकणावर ठेवलेला अम्मीचा चहाचा थर्मास उगाचच गरम होत होता.

गावात पोचलो तशी एक म्हातारी काठी टेकत आली. गाडीकडे पाहिलं, अम्मीकडे पाहिलं. "चुडीवाली बाई, चार वर्सं कोठं होती वो?" तिने हात पुढे केला. अम्मीने पेटी उघडली. आम्ही विकायला काही आणलं नव्हतं, पण पेटी तिने केव्हा गाडीत ठेवली ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. दुपारपर्यंत मागच्या दाराशी बायांची रांग होती. अम्मीचा हात आता थरथरतो, तीन बांगड्या फुटल्या. त्या बायांनी पैसे तरीही दिले.

अस्रची वेळ झाली. प्रवास ४८ मैलांहून, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरहून कमी, म्हणून कस्र नाही, नमाज पूर्णच. भाईजानने पश्चिमेला मुसल्ला अंथरला आणि उभा राहिला. त्याचं डोकं छताला लागायला चार बोटं कमी होती. सलाम फिरवून झाल्यावर त्याने एकदा वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. अम्मी मात्र पलंगावर बसूनच नमाज अदा करते.

रात्री दंडारीची ढोलकी ऐकत आम्ही आतच झोपलो. सकाळी भाईजान डाव्या चाकाशी वाकून काहीतरी पाहत होता. म्हणाला, "हा जॉइंट बदलला पाहिजे. मंगळवारी पुढच्या गावची मंडई आहे."