पावसाचा प्रोसेसर, ताऱ्यांचा प्रोसेसर

26 सप्टेंबर 2024 रोजी पुण्यातल्या दोन शास्त्रसंस्थांना एकाच कार्यक्रमात महासंगणक मिळाले. मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला होता, त्यामुळे लोकार्पण दूरदृश्य प्रणालीने झालं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेला ‘अर्का’ मिळाला, क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स. जुन्नर तालुक्यात खोडदला जिच्या तबकड्या उभ्या आहेत, त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ‘परम रुद्र’ मिळाला, क्षमता एक पेटाफ्लॉप. बातम्यांमध्ये हेच आकडे फिरले. आत कोणता प्रोसेसर आहे, हे फारसं कोणी सांगितलं नाही.

मला तेच हवं होतं. माझं गाव आणे, जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचं पठार. शास्त्रज्ञांचे प्रोग्राम मोठ्या सर्व्हरवर बसवून ते वेगाने चालवून देणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. अर्कामध्ये एएमडीचा एपिक 7643 आहे, परम रुद्रमध्ये इंटेलचा दुसऱ्या पिढीतला झिऑन, म्हणजे ‘कॅस्केड लेक’. त्याच पिढीतला झिऑन गोल्ड 6240आर आणि अर्कामधलाच एपिक, असे दोन्ही सर्व्हर मी वापरले आहेत, आणि दोघांवर हवामानाचं एकच प्रारूप चालवून पाहिलं आहे.

कागदावर आधी पाहू. झिऑन फेब्रुवारी 2020 मधला, 24 कोरचा, 2.4 गिगाहर्ट्झचा, 165 वॉटचा. एपिक मार्च 2021 मधला, 48 कोरचा, 2.3 गिगाहर्ट्झचा, 225 वॉटचा. कोर दुप्पट, म्हणजे कामही दुप्पट, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण इंटेलच्या कोरमध्ये एव्हीएक्स-512 नावाची सोय आहे, ती एका झटक्यात आठ मोठ्या दशांश संख्यांवर क्रिया करते. या एपिकमध्ये ती नाही. त्याची उडी चार संख्यांची. प्रत्येक कोरमध्ये असे दोन विभाग, आणि गुणाकार-बेरीज एकदम. हिशेब केला तर झिऑनची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे 1.84 लाख कोटी क्रिया, आणि एपिकची 1.77 लाख कोटी. निम्मे कोर असलेला प्रोसेसर कागदावर पुढे! मात्र एव्हीएक्स-512 पूर्ण ताकदीने चालू झालं की प्रोसेसर तापतो आणि आपला वेग उतरवतो. छापील 2.4 मग टिकत नाही.

हवामानाच्या प्रारूपात हा कागदी हिशेब फारसा कामाला येत नाही. वातावरणाचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनाचं तापमान, दाब, वारा, बाष्प मेमरीतून आणायचं, त्यावर थोडंसं गणित करायचं आणि परत ठेवायचं. गणित कमी, ने-आण प्रचंड. आमच्या आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटीच्या कढया भरलेल्या असतात, घराघरांतून भाकरी आलेल्या असतात. तरी पंगत किती लवकर उठेल, हे वाढप्यांवर ठरतं. इथे वाढप्यांचं काम मेमरीच्या वाटा करतात. झिऑनला सहा वाटा, सेकंदाला सुमारे 141 गिगाबाइट. एपिकला आठ, सुमारे 205 गिगाबाइट. हवामानाच्या कामात एपिक पुढे जातो तो इथे.

पण दर कोरमागे भागून पाहा. झिऑनच्या कोरला 5.9 गिगाबाइट, एपिकच्या कोरला 4.3. म्हणून एपिकचे सगळे 48 कोर जुंपले तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही. शेवटचे काही कोर नुसते वाट पाहत बसतात. मी अशा वेळी थोडे कोर मुद्दाम मोकळे ठेवतो आणि उरलेले प्रोसेसरच्या वेगवेगळ्या भागांत सारखे वाटून देतो. एपिकचा मोठा आधार म्हणजे त्याची 256 मेगाबाइटची एल-3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी; झिऑनची 35.75 आहे. चौकोनांचा तुकडा कॅशमध्ये मावेल एवढा बारीक केला, तर मेमरीकडच्या फेऱ्या कमी होतात. नवा प्रोसेसर विकत घेण्याआधी हे करून पाहावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

आण्याच्या माणसाला हे का महत्त्वाचं? जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडे भाताची खाचरं. पूर्वेला आण्याच्या पठारावर बाजरी, आणि पाण्यासाठी कायमची ओढाताण. अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं. प्रारूपाचे चौकोन बारा किलोमीटरचे असले, तर एवढा मोठा फरक पाच चौकोनांत बसवावा लागतो. 26 मे 2025 रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही हवामान अंदाजाची प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालते, आणि ती अर्कावर चालते. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि काळाची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम साधारण आठपट. आधीच्या ‘प्रत्युष’ या महासंगणकावर, जो इंटेलच्या झिऑनवर चालायचा, प्रारूपाला दहा तासांपर्यंत लागत; अर्कावर ते सुमारे चार तासांत होतं, असं सांगितलं गेलं. पेरणी उद्या करायची की थांबायचं, हे ठरवणाऱ्यासाठी वाचलेले सहा तास फार मोठे आहेत.

खोडदच्या कामाची जात निराळी. जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी गुणायचा, म्हणजे 435 जोड्या, आणि तेही थेट, सेकंदा-सेकंदाला. सुरुवातीला हे खास बनवलेल्या चिपा करत. मग 2010 च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या झिऑन सर्व्हरच्या समूहाने तेच काम 32 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर करून दाखवलं. पट्टा 400 मेगाहर्ट्झवर नेताना मात्र साधे प्रोसेसर पुरले नाहीत, एफपीजीए आणि ग्राफिक्स प्रोसेसर आणावे लागले. परम रुद्रचं काम नंतरच्या शोधाचं: क्षणभंगुर रेडिओ स्फोट आणि आकाशातल्या इतर घटना धुंडाळण्याचं. अशा कामात ज्या टप्प्यांवर एकदा आणलेल्या आकड्यावर भरपूर गणित होतं, तिथे एव्हीएक्स-512 आपली किंमत वसूल करतं.

किमतीचं बोलायचं तर बाजारात येताना 6240आरची छापील किंमत 2,200 डॉलरच्या आसपास होती, एपिक 7643 ची 4,995. कोरमागे पाहिलं तर दोन्ही शंभर डॉलरच्या आगेमागे. खरा फरक विजेत: झिऑनला कोरमागे जवळजवळ सात वॉट, एपिकला पाचाहून कमी. हजारो प्रोसेसर वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालतात आणि त्यांच्या थंडाव्यालाही वीज लागते, तेव्हा हा आकडा खरेदीच्या बिलाएवढाच वजनदार होतो. पण कोरमागे परवाना आकारणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कारखान्याला मी 24 कोरचाच सर्व्हर सुचवीन. आणि परम रुद्रचं मोल एका चिपेच्या किमतीत मोजता येत नाही: त्यातला ‘रुद्र’ सर्व्हर पुण्याच्या सी-डॅकने स्वतः रचला आहे. प्रोसेसर बाहेरचा असला तरी त्याभोवतीचा बोर्ड आखायला शिकलेले हात आता इथे आहेत, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या दोन प्रोसेसरांनंतर दोन्ही कंपन्या एकमेकींच्या दिशेने सरकल्या. एएमडीने नोव्हेंबर 2022 च्या ‘जेनोआ’मध्ये एव्हीएक्स-512 आणलं आणि मेमरीच्या वाटा बारा केल्या. इंटेलने बारा वाटांचा झिऑन 6 बाजारात आणला तो 24 सप्टेंबर 2024 ला, पुण्यातल्या लोकार्पणाच्या दोन दिवस आधी.