स्थिरांक : लेखनकालीन आणि वाचनकालीन

साहित्याचा अभ्यासक म्हणून 'स्थिर अर्थ' या संकल्पनेविषयी मी नेहमीच साशंक राहिलो आहे. या साशंकतेला नेमके रूप मिळाले ते मात्र सी शार्प या संगणकीय भाषेच्या परिचयातून. 2002 साली पहिली आवृत्ती आलेल्या या भाषेत स्थिरतेसाठी दोन शब्द आहेत : 'कॉन्स्ट' आणि 'रीडओन्ली'. दोहोंचे मूल्य एकदा ठरल्यावर बदलता येत नाही. भेद आहे तो ते केव्हा ठरते याचा. कॉन्स्टचे मूल्य कंपायलर आधीच निश्चित करतो आणि जेथे जेथे ते नाव येते तेथे तेथे नावाऐवजी मूल्यच कोरून ठेवतो. रीडओन्लीचे मूल्य आज्ञावली चालताना ठरते आणि वापरणाऱ्याला ते मूळ स्थानी जाऊन वाचावे लागते.

समजा, एका लायब्ररीत 10 ही मर्यादा कॉन्स्ट म्हणून नोंदवली आहे. पुढे तेथे 10 चे 20 केले, पण तिच्यावर विसंबणारी आज्ञावली पुन्हा कंपाइल केली नाही, तर ती 10 च धरून चालते. त्रुटीचा संदेशही उमटत नाही. एकाच नावाचे दोन अर्थ शेजारी शेजारी शांतपणे नांदतात.

समीक्षेतील अवतरण आणि निर्देश यांचे नाते मला असेच दिसते. अवतरण आपल्या लेखात कोरले जाते. लेखकाने पुढील आवृत्तीत ओळ बदलली, तरी आपला लेख जुन्याच ओळीशी वाद घालत राहतो. 'पाहा' हा निर्देश वाचकाला त्याच्या हातातील आवृत्तीकडे पाठवतो. मात्र मूळ ग्रंथ नाहीसा झाला, की निर्देश पोरका होतो. एक स्थिरता कालबद्ध, दुसरी परावलंबी.

रीडओन्लीची मर्यादाही सूचक आहे. त्या नावाशी एखादी सूची बांधली, तर नाव दुसऱ्या सूचीकडे वळवता येत नाही. सूचीतील घटक मात्र बदलता येतात. 'अभिजात' या संज्ञेचे वेगळे काय झाले आहे? नाव अढळ, यादी बदलती.

म्हणून अर्थ स्थिर की अस्थिर, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तो केव्हा आणि कोणाच्या हाती स्थिर होतो, हे विचारायला हवे. 'आधुनिकता', 'देशीयता' यांच्या व्याख्या टिपणवह्यांतून जशाच्या तशा पुढील वर्गांकडे उतरताना मी पाहतो. आठवड्याचे दिवस सात, हे खुशाल कोरून ठेवावे. या संज्ञा मात्र प्रत्येक पिढीने मूळ स्थानी जाऊन वाचायच्या असतात.