अरेरे!

२०१५ च्या सप्टेंबरांत तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृत पडलेल्या सीरियन बालकाचें छायाचित्र पाहून जग हळहळलें. ती हळहळ खोटी नव्हे. अल्पायुषी मात्र खरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें किल्लारी-सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त केला, तेव्हां आमच्या धाराशिव जिल्ह्याचीं मुलेंहि परक्यांना अशींच चित्रांतून दिसलीं. पुढें चित्रें थांबलीं. मुलांची भूक आणि शाळा राहिली. शांतिलाल मुथ्था यांनीं सुमारें १२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं.

मज व्याकरण शिकविणाऱ्यास वाटतें, ‘अरेरे’ हें केवलप्रयोगी अव्यय. त्यास ना कर्ता, ना काळ. क्रियापदास दोन्ही लागतात. म्हणून वर्तमानपत्र वाचून उसासा टाकल्यावर, घरांतील वडील मंडळींनीं साहाय्याचा कर्ता कोण, हेंहि त्याच बैठकींत ठरवावें.