भिंतीला हात न लावता

भाड्याच्या घराचा करार वकिलाच्या भाषेत सुरू होतो आणि मालकाच्या भाषेत संपतो. पंखे किती, ट्यूब किती, गीझर कुठल्या बाथरूममध्ये, सगळं मोजून झालं की शेवटी ते कलम येतंच : भिंतींना खिळे ठोकू नयेत, ड्रिल करू नये. गळणाऱ्या नळाबद्दल कुणी इतकं ठासून लिहीत नाही.

आमच्या मालकांनी किल्ली देताना ते तोंडीही सांगितलं. "पडदे लावा की, आमची काही हरकत नाही. फक्त भिंतीला ड्रिल नको. आणि ते ब्लाइंड्स काढू नका हं ताई, महागाचे आहेत." म्हणजे पडदे लावायचे ते ब्लाइंड्सच्या पुढ्यात, आणि अधांतरी. काकांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. आमच्याआधी त्या फ्लॅटमध्ये कुणाचं तरी ऑफिस होतं आणि जाताना ते हॉलच्या भिंतीची चाळण करून गेले होते. लांबी भरली, वरून रंगाचा हात फिरवला, तरी तिरप्या उन्हात ती भोकं अजून ओळखू येतात.

ब्लाइंड्स त्या ऑफिसचेच. उभ्या पट्ट्यांचे, राखाडी, बँकेत नाहीतर दातांच्या दवाखान्यात असतात तसले. चार-चार इंच रुंदीची एकेक पट्टी वरच्या पन्हाळीत छोट्या हुकाला लटकलेली, खालच्या टोकाला कापडाच्या खिशात वजनासाठी चपटी चकती, आणि सगळ्या चकत्यांना एकमेकींशी जखडणारी प्लॅस्टिकच्या मण्यांची साखळी. वारा सुटला की चकत्या एकमेकींवर आपटत राहतात. एक पट्टी मधूनच गायब आहे. खिडकी पश्चिमेची, त्यामुळे चारनंतर त्या फटीतून उन्हाचा पट्टा आत येतो आणि सोफ्यावर जो कुणी बसला असेल त्याच्या नेमका डोळ्यांत जातो. रात्री उलट. आत दिवा लागला की त्याच फटीतून समोरच्या इमारतीला आमचं ताट दिसतं.

ब्लाइंड्सवर माझा राग नाही. उजेड मोजून घ्यायची ही युक्ती जुनी आणि हुशार आहे. लंडनमध्ये आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंड्सचं पेटंट घेतलं गेलं ते १७६९ मध्ये. पट्टी जराशी फिरवली की ऊन अडतं आणि वारा चालू राहतो, हे पडद्याला जमायचं नाही. पण नुसत्या ब्लाइंड्सनी खोली घरासारखी होत नाही. बोललेलं घुमतं. फोनवर आई म्हणायची, "कुठे स्टेशनवर आहेस का?" दोन जाड पडदे लटकले की हा घुमारा बसतो, आणि माझ्याकडे पडदे होते. रविवार पेठेत कापडगंजातून घेतलेलं जाड सुती कापड, मूळचा रंग हळदीचा, आता बराच उतरलेला. मागच्या घरात ते खिडकीला होते, त्याच्या मागच्या घरात दाराला.

माझ्या लहानपणी असा प्रश्न पडलाच नसता. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आम्हीही भाडेकरूच होतो. पण लाकडी चौकटीत दोन खिळे ठोकायचे, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंगची तार ताणून त्यांना अडकवायची आणि तिच्यात पडदा ओवायचा, याला मालकाला विचारावं लागतं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तसबिरीला खिळा, कॅलेंडरला खिळा, पिशव्या अडकवायला खिळा, सायकलच्या जुन्या ट्यूबलाही खिळा. यात आमचा उर्मटपणा नव्हता. पाठीशी कायदा होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणं फार अवघड करून ठेवलं. जो निघणारच नाही तो बिनधास्त खिळे ठोकणार. आणि ज्याच्या हाती महिन्याला चिल्लर पडते तो मालक खिळे मोजायला येत नाही, गळकं छप्पर बघायलाही येत नाही. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने मुदत संपली की सामान बांधायचं हे पक्कं झालं. मुदत बहुधा अकरा महिन्यांची, कारण वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती आणि ती टाळायची होती. नव्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने अकरा महिन्यांचा करारही नोंदवणं भाग पडलं, तरी अकराची सवय काही सुटली नाही. भिंतीत खिळा मारायचा की नाही, हे भिंतीपेक्षा या कलमांवर ठरतं.

खरं तर भिंतीला हात न लावता कापड टांगण्यात आपला हात कुणी धरू नये. मांडववाला अख्ख्या गल्लीला कनाती लावतो ते बांबू, वासे आणि काथ्याच्या गाठींवर. (रस्त्यात खड्डे पाडतो, ती गोष्ट वेगळी.) संगीत नाटकांच्या कंपन्या गावोगाव हिंडायच्या त्या पडद्यांची भेंडोळी बरोबर घेऊन. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी सिनेमाकडे वळण्याआधी असे पडदे रंगवले होते. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर. दुसऱ्याच्या थिएटरात ते दोरांवर चढवायचे, मुक्काम हलला की उतरवून गुंडाळायचे. अंतरपाटाला तर रॉडही लागत नाही. दोन माणसं दोन टोकं धरून उभी राहतात आणि गुरुजींनी मंगलाष्टकं लांबवली की त्यांचे हात भरून येतात. तेवढ्यापुरता तो पडदा माणसांच्या खांद्यांवर असतो.

मला मात्र रोज दोन माणसं धरून ठेवणं परवडणारं नव्हतं. बाजारात या अडचणीवर उपाय भरपूर आहेत आणि प्रत्येकाला कसली तरी अट आहे. स्प्रिंगचा रॉड असतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये धरून पिळला की लांबतो आणि टोकांच्या रबरी बुडांवर नुसत्या दाबाने तगून राहतो. बाथरूमच्या खिडकीला उत्तम. पण त्याला खिडकीचा कोनाडा मोकळा लागतो आणि आमच्याकडे पन्हाळ कोनाड्याच्या बाहेर, थेट लिंटेलवर. शिवाय खिडकी सहा फुटी. एवढ्या लांबीत जाड कापड ओवलं की त्या रॉडचं पोट सुटतं. चुंबकाचे रॉड लोखंडी चौकटीला छान बसतात, आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगकडे चुंबक ढुंकूनही बघत नाही. राहता राहिले चिकट हूक. ते काढायची तऱ्हा मोठी मजेची असते : खालची शेपटी भिंतीलगत सरळ खाली ओढत न्यायची, पट्टी ताणत जाते आणि ताणता ताणताच चिकटा सोडते. अडचण वेगळीच आहे. तो चिकटा भिंतीला धरत नाही, रंगाला धरतो. आणि भाड्याच्या घरातला रंग म्हणजे एक भाडेकरू गेल्यावर आणि दुसरा यायच्या आत घाईने मारलेला डिस्टेंपरचा हात. त्यातून जुलैत भिंतींना दमट वास यायला लागतो. एका मैत्रिणीकडे मध्यरात्री रॉडसकट पडदा खाली आला. हूक जागच्या जागी पट्टीला घट्ट होता, पट्टीमागे तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा होता.

पडद्याचं वजन तसं काहीच नसतं. सात फूट लांब, चार फूट रुंद, कापड २०० जीएसएमचं धरलं तर एक पडदा अर्ध्या किलोच्या जरासा वर जातो. पण पडदे वजनाने पडत नाहीत, ओढण्याने पडतात. सकाळी आपण झोपेत हिसका मारून उघडतो, लहान मूल त्यांच्यात लपतं, वाऱ्याने शीड झालेलं असताना कुणीतरी खिडकी लावून घेतं. तेव्हा धरून ठेवणारं काहीतरी भिंतीच्या पोटात असावं लागतं. आपले मिस्त्री ज्याला रावळ प्लग म्हणतात ना, तो १९११ मध्ये जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने काढला. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेचं सामान बसवायचं होतं आणि भिंतींची नासधूस होऊ द्यायची नव्हती, म्हणून. काकांना ज्या ड्रिलची धास्ती वाटते त्याच्या जोडीचा हा प्लग भिंतीच्या काळजीतूनच जन्माला आलेला आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

भिंतीच्या पोटात काही असावं लागतं म्हटल्यावर लक्षात आलं की ते तिथे आधीच आहे. ब्लाइंड्सची पन्हाळ कशावर तरी धरलेली आहेच : लिंटेलमध्ये प्लग घालून कसलेल्या क्लिपांवर. पन्हाळ आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट असते. लोखंडी पट्टीचं एक टोक मुडपून त्या फटीत मागून अडकवायचं, पट्टी पन्हाळीच्या माथ्यावरून पुढे आणायची, पुढच्या टोकाला रॉड बसेल एवढी वाटी करायची. तयारही मिळतात असे ब्रॅकेट; आमच्या पन्हाळीच्या मापाचे मिळेनात, म्हणून कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून इंचभर रुंदीची एम.एस.ची पट्टी वाकवून घेतली. व्हाइसमध्ये धरून हातोडीने ठोकत त्यांनी एकेक कोन काढला. मग दोन गोष्टी अशा सांगितल्या की त्या कुठल्या खोक्यावर छापलेल्या नसतात. एक, रॉड पन्हाळीपासून तीन इंच तरी पुढे हवा, कारण ब्लाइंडची चार इंची पट्टी आडवी फिरली की दोन इंच पुढे येते आणि कापडाला घासते. दोन, पट्टी क्लिपेला खेटूनच अडकवायची, मधे कुठेतरी नाही. पुढे आलेलं वजन पन्हाळीला पिळायला बघतं. क्लिपेजवळ ते स्क्रूवर जातं. वर त्यांनी सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे दिले, पट्टीखाली घालायला, पन्हाळीवर ओरखडा नको म्हणून.

"ताई, दोन भोकं मारली असती तर पाच मिनिटांचं काम होतं."

"मालक नको म्हणतात."

"वजन कुठेतरी जाणारच की. भिंतीतल्या तुमच्या स्क्रूवर नाही तर ब्लाइंडच्या स्क्रूवर."

"तेही मालकांचेच आहेत."

"मग तुमचं काय त्यात?"

"कापड."

त्यांनी पट्टीवरचा बुरा फुंकला आणि दीडशे रुपये मागितले.

आता एप्रिलच्या दुपारी मी पट्ट्या अर्ध्या वळवते आणि पडदा ओढून घेते. ऊन आधी पट्ट्यांवर चिरलं जातं, मग कापडावर येतं. सरळ पट्ट्यांच्या सावल्या चुण्यांवरून जाताना वाकतात, एखाद्या चुणीच्या पोटात नाहीशा होतात, पुढच्या चुणीवर पुन्हा निघतात. गायब पट्टीच्या जागी एकच झगझगीत रेघ असते. तिथे उतरलेला रंग पुन्हा हळदीचा होतो आणि कापडाची वीण, उभा-आडवा धागा, मधली एखादी गाठ, सगळं मागून उजळून दिसतं. पंख्याचा वारा लागला की रेघ मोडते आणि जुळते. सहाच्या सुमाराला सूर्य समोरच्या इमारतीच्या टाकीमागे गेला की हे सगळं एकदम बंद होतं. पावसाळ्यात तर महिनोन्महिने रेघच नाही. तेव्हा ब्लाइंड्स पूर्ण बाजूला सारलेले आणि पडदे दमट, जड, जरा वास मारणारे.

त्या उजेडात पडद्याच्या खालच्या अंगाला आणखीही काही दिसतं : आडव्या रेषा, एकीखाली एक. तयार पडदे पाच, सात नाहीतर नऊ फुटांचे मिळतात आणि खिडक्या त्यांचं कधी ऐकत नाहीत. आमचे शिंपीकाका कापड कापत नाहीत. दुमड घालतात, घर बदललं की उसवतात, नवी घालतात. जिथे जिथे दुमड होती तिथे धुण्याने रंग वेगळा उतरलाय, टाक्यांची भोकं राहिलीत, आणि एका रेषेत मागच्या घरातली धूळ इतकी बसलीय की ती आता कापडाचाच भाग झालीय. मागच्या मालकांनी भिंती निरखून बघितल्या होत्या आणि डिपॉझिट पूर्ण परत दिलं होतं.

या वेळी मी शिंपीकाकांना म्हटलं, आता कापूनच टाका एकदाचं, ती जाड घडी तळाशी वाईट दिसते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"करार किती महिन्यांचा?"

"अकरा."

"मग राहू दे घडी. आणि आत्ताच सांगून ठेवतो, उसवायचे पैसे वेगळे पडतील."