हात आधी धू, पोरी

प्रिय पोरी,

मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात नर्स म्हणून तुझ्या नेमणुकीची ऑर्डर निघाल्याचं तुझ्या आईनं सांगितलं अन् ऊर भरून आला. संत्र्याच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या बाया तिथं बाळंतपणाला येतील, त्यांची बाळं आधी तुझ्या हातात येतील. म्हणून हातांबद्दलच लिहिते.

जखम पुसली, बेडपॅन उचलला, की कोणतीही सिस्टर आपसूक नळाकडे वळते. ते धुणं स्वतःसाठी असतं. पुढच्या खाटेवर सलाईन लावण्याआधीचं धुणं मात्र राहून जातं, कारण हात स्वच्छ दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या पाच वेळांपैकी पहिल्या दोन, रुग्णाला हात लावण्याआधी आणि सुई-ड्रेसिंगच्या आधी, या रुग्णासाठी आहेत. त्याच बऱ्याचदा चुकतात. एकच हातमोजे घालून तीन खाटा फिरणं तर त्याहून वाईट.

हे किती महागात पडतं ते बघ: व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात 1846 साली डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात शंभरातल्या अकरा बाळंतिणी तापानं दगावत होत्या. शेजारच्या सुईणींच्या कक्षात तीनसुद्धा नाही. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीजवळ येत. तिथलेच डॉक्टर सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये त्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि 1848 पर्यंत ते मरण शंभरात दीडच्या आत आलं. जंतूंमुळे आजार होतात हे अजून सर्वमान्य नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

अल्कोहोलचं हॅण्डरब वीस ते तीस सेकंद चोळ. अंगठा, बोटांची टोकं आणि नखांखालची जागा घाईत सुटते, तिथं थांब. हात मळले असतील किंवा हगवणीचा रुग्ण असेल, तर साबण-पाणीच हवं, चाळीस ते साठ सेकंद. आणि तुझा हिरवा चुडा ड्यूटीवर काढून ठेव, अंगठीसुद्धा. बांगड्यांखाली ओल राहते, मनगट धुतलंच जात नाही. सासूबाईंना वाईट वाटलं तर मी स्वतः फोन करून समजावते.

रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड असतो, उन्हाळ्यात नळ कोरडा पडतो, हे मला माहीत आहे. तेव्हा फक्त नर्सला बोल लावणाऱ्यांचा मला राग येतो. हॅण्डरबची बाटली लांब असेल तर हात स्वच्छ केले जाणार नाहीत. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात इनचार्ज सिस्टरांकडे लेखी मागणी दे: प्रत्येक खाटेजवळ हॅण्डरबची बाटली हवी. नाही मिळाली तर पुन्हा दे.

तुझी,
मावशी